नकाबवाला, घंटासिंग आणि शुक्रवारचं हळदीकुंकू

कापसाच्या हंगामात जालन्यातल्या जिनिंगवरून नुसतं चालत घरी आलं, तरी केसांतून चार-दोन पुंजके निघतातच. कुणी मुद्दाम खोवलेले नसतात. किस्स्यांचंही तसंच आहे. आपण साध्या चार घटका बसायला जातो, आणि घरी येऊन पदर झटकला की एकेक खाली पडायला लागतो! आमच्या शुक्रवारच्या बैठकीचे इतके साठलेत, की आता झटकून टाकलेले बरे.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची, निजामाच्या अमलातली गोष्ट. मी हैदराबादच्या कॉलेजातून बी.ए. होऊन गावी परतले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. गावात एक मराठी वाचनालय होतं, आणि त्याच्या मागं एक खोली होती. खोलीत तीन पायांच्या खुर्च्या राहत असत. मी म्हटलं, ती बायकांना द्या. शुक्रवारी शाळा-कचेऱ्यांना सुट्टी असते, दुपारी आम्ही बसू, वाचू, बोलू.

वाचनालयाचे चिटणीस आप्पा. वकिली सोडलेले वकील. ते म्हणाले, "विमल, बोलू म्हटलं की सभा झाली. सभा म्हटलं की सरकारची इजाजत. इजाजत म्हटलं की अर्ज, आणि अर्ज म्हटलं की चौकी. माझं आता वय झालंय."

आप्पांचं वय दर अडचणीला होत असे. पंगतीला मात्र कधीच नाही!

मी म्हटलं, संमेलन म्हणू. त्याला इजाजत. मंडळ? त्यालाही. व्याख्यान? त्याला तर दोन!

आतून आप्पांच्या पत्नी, गोदाकाकू, पदराला हात पुसत आल्या. "हळदीकुंकवाला लागते का हो इजाजत?"

आप्पांनी कायद्याची सगळी पानं मनात उलटली. नव्हती लागत.

"पण वर्षभर कसलं हळदीकुंकू?"

"शुक्रवारचं," काकू म्हणाल्या.

माझी कॉलेजातली मैत्रीण झुबेदा, कचेरीत खटल्यांचे कागद पुढे मांडणाऱ्या पेशकारांची मुलगी, दारातच थबकली. "काकू, हळदीकुंकू म्हणल्यावर मी कशी येऊ?"

"तू अत्तर घेऊन ये. हळदीकुंकवाला अत्तर लागतंच की!"

अशी आम्हांला खोली मिळाली. आप्पांनी एकच अट घातली. "चौकीवरून एक कागद जरी आला, तर त्याच दिवशी कुलूप!"

या अटीनं माझं काही फारसं बिघडणार नव्हतं. मला वाचायला अख्खी शाळा होती. बिघडणार होतं ते शांताचं.

*

शांता अंबडकडची. शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन जालन्यात आलेली. तिला अक्षर येत नव्हतं आणि शिकायचं होतं. सासूनं शाळेचं नाव काढू दिलं नसतं, पण हळदीकुंकवाला कोणती सासू अडवणार? उलट तीच म्हणायची, "जा गं, सवाष्णीनं जावं!" शांता यायची, दार लावून घ्यायची, आणि म्हणायची, "बाई, चला, जल्दी. कुंकू मागून लावू."

खोली गेली असती, तर शांताचं वाचणंही गेलं असतं. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही हळू आवाजात भांडायचो. निदान सुरुवातीला.

*

भांडण सुरू झालं ते झुबेदाच्या भावाच्या पेटीवरून.

तो लढाईत आसामकडे मोटारी दुरुस्त करत होता. परत आला तेव्हा पत्र्याच्या पेटीत तळाला घातलेली अमेरिकन गोऱ्यांची सात पुस्तकं निघाली. चित्रंच चित्रं, पानभर चौकटी, आणि माणसांच्या तोंडातून निघालेले फुगे, फुग्यांत इंग्रजी. वेष्टणं फाटून गेलेली, त्यामुळे नावं कुणाचीच कळेनात. ती आम्हीच ठेवली.

एक घंटासिंग. हा दोन्ही मुठी एकमेकींवर आपटायचा आणि त्या आवाजानं भिंती पडायच्या. दुसरा नकाबवाला. हा तोंड झाकून भिंतीतून आरपार जायचा. तिसरी वेणीवाली. हिची वेणी पोलादाची. एक फटका, की तोफ आडवी!

मी वाचून मराठीत सांगायला लागले. पाच पानं झाली नसतील, शांतानं विचारलं, "हा नकाबवाला तोंड कशापायी झाकतो?"

"कुणी ओळखू नये म्हणून."

"सगळ्या गावात एकटाच तोंड झाकून फिरून राह्यला, मंग ओळखू येईल न्हाई तर काय?"

याचं उत्तर बी.ए.त शिकवलं नव्हतं. काकूंनीच ते दिलं. "देवी आल्या असतील गं लहानपणी. वण असतील तोंडावर. नका विचारू."

तेव्हापासून आमच्या खोलीत नकाबवाल्याच्या तोंडाविषयी कुणी बोललं नाही. झुबेदानं तर त्याची बाजूच घेतली. म्हणाली, एवढे वण घेऊन जो लोकांच्या उपयोगी पडतो, तोच सगळ्यात ताकदवान!

काकू घंटासिंगाच्या बाजूनं उठल्या, मी वेणीवालीच्या. शांता दर शुक्रवारी पक्ष बदलायची. तिचं म्हणणं, एकाच घरात कायमचं राहायला लग्न पुरे आहे.

*

फुग्यांतलं इंग्रजी शांताच्या काय कामाचं? म्हणून मी कागदाच्या बारीक पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत मराठी लिहून द्यायचे आणि ती खळीनं फुग्यांवर चिकटवायची. ही खळ कुठं ठेवायची? हळदीकुंकवाच्या करंड्यात. नाहीतरी तो रिकामाच होता!

मारामारीच्या चौकटीत शब्द सोपे असतात. शांतानं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'धडाम'. दुसरा 'खळ्ळ'. तिसरा 'फटाक'. दीड महिन्यात तिला असे चाळीसेक शब्द यायला लागले.

एकदा ती जिनिंगच्या फाटकासमोर थांबली. वर पाटी होती. एकेक अक्षर जुळवून तिनं ती वाचली आणि शुक्रवारी येऊन मला विचारलं, "बाई, 'सावधान' हा कशाचा आवाज?"

मी म्हटलं, "अगं, आवाज नाही तो. जपून राहा, असा अर्थ."

तिनं हातातली पट्टी खाली ठेवली.

"माझ्या लग्नात भटजी हेच ओरडून राह्यले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, मंत्र आहे!"

*

वेणीवालीचे गुडघे उघडे होते. ही बातमी आप्पांपर्यंत कशी गेली कोण जाणे. ते दाराबाहेर उभे राहून भिंतीला उद्देशून बोलले. (बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषानं आत यायचं नसतं, हा नियम ते कडक पाळत.) "असल्या निर्लज्ज चित्रांना माझ्या वाचनालयात जागा नाही!"

"बरं," काकू म्हणाल्या, आणि दौत-टाक घेऊन बसल्या.

पुढच्या शुक्रवारपर्यंत सातही पुस्तकांत, चौकटीगणिक, वेणीवालीला नऊवारी नेसवून झाली. निऱ्या, काठ, पदर, काही कमी नाही. दोन ठिकाणी नथसुद्धा. काकूंनी पुस्तक आप्पांपुढे धरलं. आप्पांना नाव ठेवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

काकू परत येऊन बसल्या, तेव्हा मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "काकू, तुम्ही आप्पांचं ऐकलंत!"

"त्यांचं कोण ऐकतंय? तू नीट बघ. त्या झग्यात तिला तंगडी वर करता येत नव्हती. आता कासोटा आहे. आता मारू दे लाथा, किती मारायच्या त्या!"

*

एकदा वाद इतका पेटला, की काकूंनी निकालाची कसोटीच मांडली. "मला सांगा, सात पुस्तकांत यांच्यातलं कुणी एकदा तरी जेवलंय का?"

आम्ही सातही पुस्तकं पालथी घातली. पाण्याचा घोटसुद्धा कुणी घेतला नव्हता.

"बघा! ज्याच्या पोटात भाकर नाही, त्याच्या अंगात ताकद कुठून येणार? सगळं खोटं!"

झुबेदा पेशकारांची मुलगी. समोरच्याचा पुरावा उलटवायचा, हे तिच्या रक्तात. ती शांतपणे म्हणाली, "नकाबवाल्याचे रोजे असतील."

"सातही पुस्तकांत रोजे?"

"मंग," झुबेदा म्हणाली, "ताकदवान दुसरा कोण?"

काकूंनी त्या दिवसापुरती हार मानली. भिंतीच्या मुद्द्यावर मात्र त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. झुबेदा म्हणायची, घंटासिंग भिंत पाडतो, ती पुन्हा बांधायची कुणी? नकाबवाला आरपार जातो, घर शाबूत. त्यावर काकू म्हणायच्या, "एकटा पलीकडे गेला, त्यात काय मोठंसं? बाकीच्यांनी काय करायचं? भिंत पाडली तर मागच्या चारजणी तरी जातील!"

हे त्यांनी दाराकडे बघून म्हटलं. दाराबाहेर आप्पा होते.

*

आप्पांनी याच सुमारास माझ्यासाठी एक स्थळ आणलं. त्यांच्या चुलत घराण्यातला मुलगा, वकिलीच्या परीक्षेला बसलेला. सोबत त्याचे वडील. मला लाडू करता येतात का, विणता येतं का, उर्दूत शिकले ते विसरेन का, हे सगळं वडिलांनी विचारलं. मुलगा पोहे खात होता.

"मुलीला काही विचारायचं असेल तर तिनंही विचारावं," आप्पा मोठ्या मनानं म्हणाले. त्यांना वाटलं, मी लाजेन.

मी मुलाला विचारलं, "समजा, एकाच्या आवाजानं भिंती पडतात, दुसरा भिंतीतून आरपार जातो, आणि तिसरीची वेणी पोलादाची आहे. तर तिघांत सगळ्यात ताकदवान कोण?"

मुलगा पोहे खायचा थांबला. प्रश्न त्याला समजला होता, हे मी आजही मान्य करीन. त्यानं विचारही केला. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "दादा, कोण?"

ते स्थळ मी नाकारलं असं आप्पा गावभर सांगतात. मी काही नाकारलं नाही. दादांचं उत्तर अजून यायचंय!

*

वाचनालयाच्या नियमांत लिहिलं होतं, 'वादविवादास परीक्षक आवश्यक.' म्हणून आम्ही आप्पांनाच परीक्षक नेमलं. म्हटलं, एकदा त्यांना ऐकू तरी दे. ते आले आणि चार पायांच्या एकुलत्या खुर्चीत बसले. झुबेदा वीस मिनिटं बोलली. मी पंचवीस. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पहिल्याच वाक्याला खोलीत घोरण्याचा आवाज उठला.

काकू थांबल्या नाहीत. त्यांना सवय होती. पूर्ण बोलल्या, बसल्या, आणि खुर्चीला पायानं ढोसलं.

आप्पा दचकून उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत."

"बाजू तीन होत्या, आप्पा," मी म्हटलं.

"तिसरी," आप्पा क्षणभरही न अडखळता म्हणाले, "विचारात घेण्याजोगी नव्हती."

तिसरी बाजू त्यांच्या बायकोची होती. त्या दिवशी आप्पांना जेवायला काय मिळालं, ते काकूंनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

*

आणि मग, ज्याची धास्ती होती, तेच झालं.

खिडकीखाली उभं राहून कुणीतरी आमचं ऐकलं आणि चौकीवर निनावी अर्ज टाकला. अर्ज असा: 'वाचनालयात दर शुक्रवारी बायका जमतात, सर्वांत ताकदवान कोण हे ठरवतात, भिंती पाडण्याची भाषा करतात, आणि या सर्व चर्चेत सरकारचं नाव एकदाही घेत नाहीत.'

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हीच पंचाईत!

शुक्रवारची नमाज आटोपून अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, दोन शिपाई घेऊन आले. उंच, थकलेला, पिकल्या मिशांचा माणूस. दाराबाहेर थांबून त्यांनी आत येण्याची परवानगी मागितली. आप्पांनी आयुष्यात आमची कधी मागितली नव्हती.

"ये जलसा है?" म्हणजे ही सभा आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी कॉलेजातल्या उर्दूत सांगितलं, "जी नहीं. हळदीकुंकू है."

"अच्छा. कुंकू कुठे आहे?" त्यांना मराठी चांगलं येत होतं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. अमीनसाहेबांनी करंडा उघडला. आत खळ.

"हे काय?"

काकूंची पापणीसुद्धा लवली नाही. "हळद. वाळायचीय अजून."

अमीनसाहेबांनी करंडा हळूच बंद केला. मग पुस्तकं बघितली. चौकटी, फुगे, नऊवारी, नथ. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "मग? तुमच्या मते सगळ्यात ताकदवान कोण?"

त्यांच्या पाठीमागं आप्पा नुसते ओठ हलवून सांगत होते, 'सरकार! सरकार!' हात जोडून, डोळे फाडून. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शांता पुढे झाली.

"ते ठरलंच न्हाई, साहेब," ती म्हणाली. "ठरवायला आप्पांना बसवल्तं. ते झोपले."

अमीनसाहेब सावकाश मागं वळले. "आप परीक्षक हैं?"

आप्पा कायमचे झोपायच्या बेतात आले होते.

सातही पुस्तकं मुद्देमाल म्हणून गेली. शिपाई फाटकाबाहेर पडतो न पडतो, तोच आप्पांनी खोलीला कुलूप घातलं. मी भांडले. खूप भांडले. कागद आलेला नाही, अजून कागद आलेला नाही, असं चारदा म्हटलं. ते म्हणाले, "येईल."

पुढचे तीन शुक्रवार शांता माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. खळ नाही, पुस्तक नाही, नुसत्या पट्ट्या मुठीत. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली, "सासूबाई म्हंतात, हळदीकुंकू बंदच झालं, तर शुक्रवारचं बी जिनिंगवर जात जा कापूस वेचायला. पुढच्या शुक्रवारपासून जाते, बाई." रडली नाही. तिनं पट्ट्या माझ्या हातात दिल्या.

तेवढ्यात काकूंचा निरोप आला. चौकीचा शिपाई वाचनालयात आलाय. कागद घेऊन.

आम्ही दोघी धावत गेलो. झुबेदा आधीच आली होती. टेबलावर सात पुस्तकं सुतळीनं बांधलेली, आणि वर कागद. वर उर्दू, खाली मराठी तर्जुमा, खाली शिक्का. शिपाई जायचं नाव घेईना, भिंतीला टेकून उभा. आप्पांच्या एका हातात खोलीची किल्ली होती आणि दुसरा हात कागदाला लावायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"विमल, तू वाच," ते म्हणाले.

"मी वाचते," शांता म्हणाली आणि कागद उचलला.

"तुला? तुला येतं?"

तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ओळीखाली बोट ठेवलं.

"चौ-क-शी... चौकशीअंती... असे आ-ढ-ळ-ले की... सदर बैठक... ह-ळ-दी... हळदीकुंकवाचीच आहे." ती थांबली, श्वास घेतला. "ती दर शुक्रवारी... चालू ठेवण्यास... ह-र-क-त... हरकत नाही."

काकूंनी आप्पांच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"अजून हाये," शांता म्हणाली. "त-था-पि... तथापि... सातव्या पुस्तकाच्या शेवटी... वेणीवाली बाई... वि-हि-री-त पडली असून... पुढे काय झाले... याचा खु-ला-सा नाही. तरी आठवा भाग... आपल्या ताब्यात असल्यास... शिपायाबरोबर... जल्दी पाठवावा."

आम्ही शिपायाकडे बघितलं. शिपाई छताकडे बघत होता.

"एक ओळ राह्यली," शांता म्हणाली, आणि बोट पुढे सरकवलं. "तीन दि-व-सां-पा-सू-न... चौकीचे का-म-का-ज... खो-ळं-ब-ले आहे."

तिनं मान वर केली.

"बाई, खोळंबले म्हंजे कसला आवाज?"